चाकांवरच्या घराला दुसरी बॅटरी

घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाया येतो, भिंती येतात, उंबरा येतो. अमेरिकेत मात्र पाया नसलेलं, चाकांवर उभं असलेलं घर लाखो कुटुंबं बाळगून आहेत. त्याला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे ते जोडायचं आणि ओढत न्यायचं. आत दोन बिछाने, छोटी ओटी, मोरी, फ्रीज, गॅसची शेगडी. १९३६ साली वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ ट्रेलर आणला, तेव्हापासून हे फिरतं घर तिकडच्या रस्त्यांवरची ओळखीची वस्तू झालं आहे.

आपला याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. तिकडे नोकरीला गेलेली आपली मुलं असा ट्रेलर भाड्याने घेतात किंवा विकत घेतात, आणि इकडून गेलेल्या आई-वडिलांना त्यात बसवून ग्रँड कॅनियन दाखवायला नेतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आणि त्याहून जवळची गोष्ट म्हणजे २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात आपल्यापैकी अनेकांच्या घरी इन्व्हर्टर आला. त्याच्याखालची ती जड काळी पेटी आणि या ट्रेलरच्या पुढच्या टोकावर बसवलेली पेटी या सख्ख्या बहिणीच आहेत. एकीचा स्वभाव कळला की दुसरीचा कळतो.

आजचा विषय असा की, या फिरत्या घरात सुरुवातीला बहुधा एकच बॅटरी असते. ती पुरत नाही म्हणून लोक दुसरी जोडतात. ती का जोडायची, कशी जोडायची आणि जोडल्यावर नेमकं काय मिळतं, हे आपण पाहू.

ट्रेलरमध्ये वीज दोन प्रकारची असते. सोयीच्या तळावर मुक्काम केला तर तिथे खांबावर १२० व्होल्टची जोडणी मिळते. तिच्यावर एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह चालतात. त्याच विजेतून ‘कन्व्हर्टर’ नावाचं यंत्र १२ व्होल्टचा प्रवाह तयार करतं आणि बॅटरीही भरत राहतं. जिथे खांब नाही, तिथे सगळी भिस्त या १२ व्होल्टच्या बॅटरीवर असते. दिवे, पाण्याचा पंप आणि गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र तिच्यावरच चालतात.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ट्रेलर गरम ठेवणारा हीटर गॅसवर चालतो खरा, पण गरम हवा खोलीत ढकलणारा त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. पंखा थांबला की हीटर आपणहून बंद होतो. गॅसवरच्या फ्रीजचंही तसंच, आतली नियंत्रणाची पट्टी विजेवर असते. म्हणजे सिलिंडर गच्च भरलेला असला तरी बॅटरी उतरली की घर थंड पडतं.

हे थंड पडणं किती गंभीर, ते जागेवर ठरतं. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरचा मॅथर तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर, म्हणजे २,१०० मीटरवर आहे. वसंतात आणि शरदातही तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. आणि मॅथर तळावर विजेचे खांब नाहीत. शेजारच्या ‘ट्रेलर व्हिलेज’मध्ये आहेत, पण तिथली जागा प्रत्येकाला मिळतेच असं नाही. मॅथरवर जनरेटर चालवायला ठरावीक तास असतात, रात्री तो बंद. अशा ठिकाणी सत्तरीचे वडील बरोबर आहेत, झोपेत श्वास अडकतो म्हणून त्यांना ‘सीपॅप’ यंत्र लावावं लागतं, आणि पहाटे तीनला बॅटरीने मान टाकली, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. तेव्हा हा हिशेब निघण्यापूर्वीच मांडलेला बरा.

हिशेब सोपा आहे. बॅटरीची धारणक्षमता ‘अँपिअर-तासा’त मोजतात. ८० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे, ढोबळमानाने, ४ अँपिअरचा प्रवाह २० तास पुरवणारी. आता एका थंड रात्रीचा खर्च लिहू. हीटरचा पंखा साधारण ७ अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत तो मिळून पाच तास चालला, तर झाले ३५. एलईडी दिवे मिळून १ अँपिअर, चार तास, झाले ४. पाण्याचा पंपही ७ अँपिअर घेतो, पण दिवसभरात पंधरा मिनिटं, म्हणजे जेमतेम २. फ्रीजची पट्टी, गॅसची सूचना देणारं यंत्र आणि असेच न दिसणारे खाणारे मिळून अर्धा अँपिअर, पण चोवीस तास, झाले १२. सीपॅप यंत्र, हवा ओलसर करणारी त्याची गरम पाण्याची सोय बंद ठेवून, ३ अँपिअर आठ तास, झाले २४. बेरीज ७७ अँपिअर-तास. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपापल्या यंत्रावरची पट्टी वाचून आपली बेरीज करावी.

मग ८० ची बॅटरी असताना ७७ चा खर्च भागायला हवा. पण तसं होत नाही. शिशाच्या बॅटरीची सगळी शिल्लक खर्चायची नसते, निम्मीच काढायची असते.

का, ते समजून घेऊ. ही बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. शिशाच्या पट्ट्या, शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या आणि मध्ये पातळ गंधकाम्ल, एवढाच तिचा संसार, आणि तो आजही मूळचाच आहे. वीज काढली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. भरली की ते विरघळून पुन्हा शिसं आणि ऑक्साइड होतं. पण बॅटरी खोलवर उतरवली आणि तशीच ठेवली, तर त्या सल्फेटचे कठीण स्फटिक होतात आणि ते परत विरघळत नाहीत. तेवढी पट्टी कायमची निकामी होते. शिवाय प्रत्येक खोल उताराने पट्टीवरचा लेप थोडा थोडा सुटतो. म्हणून जाणकार सांगतात, निम्म्यावर आली की भरा. तपासायला मल्टिमीटर पुरतो. काही तास आराम दिलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, आणि ११.९ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी.

म्हणजे ८० मधले ४० हाताशी. थंडीत तेही कमी, कारण शून्य अंशावर शिशाची बॅटरी आपल्या धारणेच्या साधारण चार-पंचमांशच देते. आपला खर्च ७७. आता दुसऱ्या बॅटरीची गरज समजते.

ही दुसरी बॅटरी कोणती असावी? मोटार सुरू करायची बॅटरी इथे चालत नाही. तिच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने पुष्कळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअरचा धक्का द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं, हे तिचं काम. तिला रात्रभर हळूहळू उपसलं तर ती थोड्याच फेऱ्यांत संपते. ट्रेलरला जाड पट्ट्यांची, ‘डीप सायकल’ जातीची बॅटरी लागते.

जोडण्याच्या रीती दोन. पहिली, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह. दोन हौद शेजारी ठेवून तळाशी नळीने जोडावेत, तसं हे आहे. पाण्याची पातळी तीच राहते, साठा दुप्पट होतो. व्होल्ट १२ च, पण ८० चे १६० अँपिअर-तास. दुसरी रीत, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर, म्हणजे एकीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला. इथे एका टाकीवर दुसरी टाकी चढवल्यासारखं होतं. उंची दुप्पट, म्हणजे १२ व्होल्ट, पण अँपिअर-तास एकीचेच. मग फायदा काय? फायदा असा की ६ व्होल्टच्या या बॅटऱ्या गोल्फच्या मैदानातल्या गाड्यांसाठी बनवलेल्या असतात. त्यांच्या पट्ट्या चांगल्या जाड, आणि प्रत्येकीची धारणा २०० च्या वर असते. अशी जोडी २२० अँपिअर-तासांची धरली तर ११० हाताशी येतात. आयुष्यही लांब. तोटा एवढाच की दोघींतली एक गेली तर ट्रेलर अंधारात. समांतर जोडीत एक गेली तर ती सोडवून दुसरीवर रात्र काढता येते. आणि एक सावधगिरी: १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या चुकूनही एकसर जोडू नयेत. २४ व्होल्ट तयार होतात आणि दिवे, पंप, पट्ट्या सगळं जळतं.

जोडी कोणतीही असो, ती जुळती असावी. एक ताजा बैल आणि एक थकलेला बैल एका जुवाला बांधला तर नांगर वाकडा चालतो आणि ताजा बैलही लवकर थकतो. बॅटऱ्यांचं अगदी तसंच आहे. तीन वर्षांच्या जुन्या पेटीला कोरी पेटी जोडली की जुनी नवीला आपल्या पातळीवर ओढत राहते. म्हणून दोन्ही एकाच जातीच्या, एकाच मापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जोडण्यापूर्वी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्याव्यात. घरच्या इन्व्हर्टरलाही हाच नियम आहे.

आता प्रत्यक्ष काम. ट्रेलर मोटारीपासून आणि खांबापासून सुटा करावा. सौर पट्टी असेल तर तिचीही जोडणी काढावी. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावं. जुन्या बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवावं, पॉझिटिव्ह नंतर. नवी जोडताना उलट, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. यामागे कारण आहे. ट्रेलरची लोखंडी चौकट निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हवरचा पाना चौकटीला टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या पान्यातून धावतो. पाना लाल होतो, हात भाजतो. निगेटिव्ह आधी सुटलेलं असेल तर पाना टेकूनही काही होत नाही.

रंगांवर विश्वास ठेवू नये. मोटारीत लाल म्हणजे पॉझिटिव्ह आणि काळी म्हणजे निगेटिव्ह, हे आपल्याला पाठ असतं. ट्रेलरमध्ये पुष्कळदा काळी वायर पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. मल्टिमीटर लावून खात्री करावी आणि मगच खूण म्हणून रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी.

समांतर जोडताना ट्रेलरची पॉझिटिव्ह वायर पहिल्या बॅटरीला आणि निगेटिव्ह वायर दुसऱ्या बॅटरीला लावावी, म्हणजे तिरकी जोडणी करावी. दोन्ही वायरी पहिलीलाच लावल्या तरी दिवा लागतोच, पण दुसरीचा प्रवाह मधल्या वायरींतून जादा अंतर कापतो. त्यामुळे पहिली जास्त राबते, दुसरी कमी भरते, आणि वर्षभरात जोडी विजोड होते. तिरक्या जोडणीत दोघींची वाट सारखी पडते. मधल्या वायरी आखूड आणि जाड असाव्यात, ट्रेलरच्या मुख्य वायरीपेक्षा बारीक तर नकोतच. अमेरिकेत वायरीचा गेज-क्रमांक जितका लहान तितकी वायर जाड, हेही ध्यानात ठेवावं. पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर असावा, आणि त्याची मर्यादा वायरीच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावी. फ्यूज असतो तो वायर पेटू नये म्हणून.

आणखी एक वायर जपायची आहे. चालत्या गाडीपासून ट्रेलर सुटला, तर एक तार खेचली जाऊन त्याचे विजेचे ब्रेक आपोआप लागावेत अशी सोय असते. अमेरिकेच्या व्यापारी वाहनांच्या केंद्रीय नियमांत असे ब्रेक तत्काळ लागून किमान १५ मिनिटं टिकले पाहिजेत, असं सांगितलं आहे. विजेचे ब्रेक असलेल्या ट्रेलरमध्ये त्यांना वीज देते ती ही बॅटरीच. म्हणून नवी जोडणी करताना या ब्रेकची वायर बॅटरी बंद करण्याच्या बटणाच्या अलीकडे, थेट बॅटरीवर राहिली पाहिजे. बटण बंद आणि ब्रेकही बंद, असं होता कामा नये. पार उतरलेली बॅटरी घेऊन रस्त्याला लागू नये, त्याचंही हेच कारण आहे.

जागा कुठली? साधी, पाणी घालायची बॅटरी भरत आली की हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून ती झोपायच्या खोलीत, बिछान्याखाली ठेवू नये, आणि गॅस सिलिंडरच्या बंद कप्प्यात तर मुळीच नाही. बाहेर, हवेशीर झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने घट्ट आवळून ठेवावी. पाणी डिस्टिल्डच घालावं, आणि बॅटरी भरल्यानंतर पातळी पाहून घालावं.

बाहेर म्हणजे बहुधा ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांडीवर. इथे वजनाचा प्रश्न येतो. एकेक पेटी २० ते ३० किलोची. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. गाडी उलाळही नको आणि धुरजडही नको. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर असावा, असा संकेत आहे. त्याहून कमी झाला तर ट्रेलर मागून शेपटीसारखा हलू लागतो. फार झाला तर ओढणाऱ्या मोटारीची पाठ खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. दुसरी बॅटरी बसवल्यावर हा भार पुन्हा मोजावा आणि सामान त्याप्रमाणे हलवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसरी बॅटरी म्हणजे दुसरा रांजण. रांजण वाढवला म्हणून विहिरीचं पाणी वाढत नाही. आपण पहिल्या रात्री ७७ खर्च केले. भरताना थोडी गळ धरून ८५ च्या आसपास परत घालावे लागतात. १०० वॅटची सौर पट्टी चांगल्या उन्हात दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देते, आणि मॅथर तळ तर पाइनच्या झाडांच्या सावलीत आहे. मोटारीच्या अल्टरनेटरकडून सात टोकांच्या जोडणीतून येणारी वायर लांब आणि बारीक, तासाला जेमतेम ५ ते १० मिळतात. म्हणजे १६० च्या जोडीतले ८० पहिल्याच रात्री संपले आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तोच अंधार. जोडी २२० ची असली तरी ते फक्त थोडं पुढे ढकललं जातं. मुक्काम चार दिवसांचा असेल तर उन्हात ठेवता येणारी ३०० वॅटची सौर पट्टी, किंवा परवानगीच्या तासांत जनरेटर आणि त्यावर चांगला चार्जर, यांची सोय दुसऱ्या बॅटरीच्या बरोबरीनेच करावी लागते. जुन्या ट्रेलरमधला कन्व्हर्टर कायम १३.६ व्होल्टच देत असेल तर तो दोन बॅटऱ्या भरायला फार वेळ घेतो. आधी १४.४ च्या आसपास चढून मग खाली येणारा नव्या धर्तीचा कन्व्हर्टर बसवलेला बरा. जनरेटर मात्र खिडकीपासून दूर ठेवावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. १०० अँपिअर-तासांची पेटी १० ते १५ किलोची, आणि तिच्यातली ८० टक्क्यांहून जास्त वीज बिनधास्त काढता येते. म्हणजे एक लिथियम पेटी शिशाच्या दोन पेट्यांचं काम करते. पण तिला शिशाच्या पेटीशी जोडू नये, तिच्या जातीचा चार्जर हवा, आणि शून्य अंशाखाली ती भरू नये. नाहीतर ती आतून बिघडते. थंड प्रदेशात ती घराच्या आत, ऊबेत ठेवण्याचं हे एक कारण.

मग प्रत्येकाने दुसरी बॅटरी घ्यावी का? नाही. कायम खांबाच्या तळावर उतरणाऱ्याला एक पुरेशी आहे. ज्याच्या ट्रेलरमध्ये अजून तारेचे जुने दिवे आहेत, त्याने आधी एलईडी लावावेत. जुना एक दिवा दीड अँपिअर खातो, एलईडी त्याच्या पाचव्या हिश्शातही भागतो. रात्री हीटर दोन अंश खाली ठेवून एक पांघरूण जास्त घेतलं, तर पंख्याचे दहा अँपिअर-तास सहज वाचतात. खर्च कमी करणं ही साठवणुकीची सगळ्यात स्वस्त रीत आहे.

आणि नक्की करायचं असेल तर एक परीक्षा घ्यावी. प्रवासाला निघण्यापूर्वी एका थंड रात्री ट्रेलर आपल्याच अंगणात उभा करावा, विजेची जोडणी काढावी, आणि सगळ्यांनी आत झोपावं. दिवे, हीटर, वडिलांचं यंत्र, सगळं नेहमीसारखं चालू. सकाळी सगळं बंद करून थोड्या वेळाने मल्टिमीटर लावावा. १२.२ किंवा त्याहून वर आकडा दिसला तर निर्धास्त निघावं. खाली दिसला तर दुकानात जावं. अंगणात बॅटरी उतरली तर दहा पावलांवर आपलं घर असतं. तिकडे कड्यावर नसतं.